गार पाण्याचा कौल

मासे वर आले आणि ऋजुताला ते बघवेना.

काठावर मात्र आनंदीआनंद होता. अण्णांनी भाताचा मुटका पाण्यात सोडला न सोडला तोच डोहाच्या तळची काळोखी हलली, तांबूस-सोनेरी पाठी वर आल्या आणि हातहात लांबीचे मासे एकमेकांना ढुशा देत भातावर तुटून पडले. पायऱ्यांवर बसलेल्या बायकांनी हात जोडले. शेडग्यांची म्हातारी तर "आली गं बाय, आई आली!" म्हणत रडायलाच लागली. अण्णा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि वळून लेकीकडे बघत होते. बायको गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्भेळ सुख ऋजुताने पाहिलं नव्हतं.

ती हसली. मग ओढणीआड फोन धरून तिने पाण्याचं तापमान पाहिलं. अठ्ठावीस अंश. तिनेच ठरवून दिलेलं, तेवढंच.

हे पाणदरे गाव. निळजा नदी सह्याद्रीतून धडपडत खाली उतरते आणि पाणदऱ्यापाशी एका खोल कातळी डोहात दम घेते. या डोहाला कोंड म्हणतात, आणि कोंडाच्या काठावर कोंडजाईचं देऊळ आहे. डोहातले मासे पुस्तकात महाशीर असतील. गावात ते आईचे मासे. त्यांना कुणी गळ लावत नाही. एखादा मेलेला तरंगत आला तर फडक्यात गुंडाळून, हळद-कुंकू वाहून पुरतात. आणि गावाला काही ठरवायचं असलं की याच माशांना विचारतात. गुरव पळसाच्या पानावर भात ठेवतो, पान पाण्यात सोडतो आणि प्रश्न विचारतो. माशांनी वर येऊन भात खाल्ला तर आई हो म्हणाली. पान तसंच तरंगत खालच्या खडकापलीकडे गेलं तर नाही. घरच्या अडीअडचणीचा कौल कुठल्याही मंगळवारी लावता येतो, मात्र एका गोष्टीसाठी दोनदा विचारायचं नाही. गावाचा कौल वर्षातून एकदाच, वैशाखी पुनवेला, आणि त्यात प्रश्नही एकच.

दत्ताराम गुरव, म्हणजे ऋजुताचे अण्णा, तरुणपणापासून हा कौल लावत आलेले. ऋजुता त्यांची एकुलती एक. ती शिकली, मत्स्यशास्त्रज्ञ झाली, पुण्याच्या एका संस्थेत लागली, आणि २०४१च्या या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात एक यंत्र घेऊन गावी परतली होती.

देवीचा कौल आणि पाण्याचं तापमान यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं असतं तर ऋजुताने ते एका बादलीत समजावून दिलं असतं. आंघोळीच्या कढत पाण्यात गार विसण घातलं आणि ढवळायचं राहिलं, तर वर चटका बसतो आणि तळाशी हात घालावा तर गारढोण. धरणाचंही तसंच असतं. उन्हाळ्यात सूर्य वरचं पाणी तापवतो. तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. गार पाणी जड, ते तळाला बसतं, आणि हे दोन थर महिनोन्महिने एकमेकांत मिसळत नाहीत. तळाला ऊन नाही, वारा नाही. बुडालेल्या झाडोऱ्याचा कुजका गाळ तिथला प्राणवायूही खाऊन टाकतो. आणि पाणदऱ्याच्या वरच्या अंगाला जे धरण झालं, त्याचं पाणी सोडायचं तोंड ठेवलं होतं नेमकं तळाशी. जलाशय कितीही आटला तरी विजेला पाणी कमी पडू नये, हा हिशेब. त्या हिशेबात नदी कुठे नव्हती. वैशाखात रान होरपळत असताना निळजेतून मात्र पौषातलं, शिळं, गुदमरलेलं पाणी वाहायला लागलं.

माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जसं, तसं त्याचं रक्त. गारठ्यात त्याची भूक मरते, अंग जडावतं, तो तळाच्या दगडाला लागून पडून राहतो. मादीच्या पोटातली अंडी पिकायला उन्हाळ्याची ऊब लागते. ती मिळाली नाही तर अंडी पोटातल्या पोटात जिरून जातात. माशांचं खाद्य असलेले पाणकिडेसुद्धा ऊब लागल्याशिवाय कोषातून बाहेर पडत नाहीत. कोंडात उरलेले सगळे मासे म्हातारे होते. बोटाएवढं पिल्लू पाहिलेलं कुणालाच आठवत नव्हतं.

आणि धरण झाल्यापासून कौलही बहुतेक 'नाही'च यायचा. गावाने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला होता. धरणाला जागा दिली, म्हणून आई रुसली.

ऋजुताच्या संस्थेचं यंत्र दिसायला साधं होतं. जलाशयावर तरंगणारा तराफा आणि त्याखाली लटकलेला घड्याघड्यांचा भलामोठा नळ. नळाचं खालचं टोक धरणाच्या जुन्या तोंडाला जोडलेलं, वरचं टोक हवं त्या थरात नेऊन ठेवायचं. नळावरचे तापमापक प्रत्येक थराची खबर देत, आणि त्यानुसार वरचं-खालचं पाणी मिसळून संगणक नदीला त्या त्या महिन्याचं पाणी देई, धरण नसतं तर जसं असतं तसं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. पाणदऱ्यात सगळे सोंड म्हणत. धरण चालवणाऱ्या कंपनीने ती एका उन्हाळ्यापुरती बसवू दिली होती. माद्यांनी अंडी धरली होती; ध्वनिलहरींच्या यंत्रावर ऋजुताने ती स्वतः पाहिली होती. पावसाळ्यापर्यंत पाणी असंच राहिलं असतं, तर कोंडात पिल्लं खेळली असती.

तिला खरं तर नाचायला हवं होतं. पण मासे वर येत होते, गाव आईचा जयजयकार करत होतं, आणि त्या 'हो'ची कळ आपल्या फोनमध्ये आहे हे फक्त तिला ठाऊक होतं.

निदान तिला तसं वाटत होतं.

"मॅडम, तुमचे मासे हल्ली फारच धार्मिक झालेत," कोरगावकर म्हणाले.

निनाद कोरगावकर धरणाचे मुख्य अभियंता होते. नियंत्रणकक्षात त्यांनी ऋजुताला चहा दिला, बिस्किटं पुढे केली आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर दोन रेषा होत्या.

"देवळाचं थेट प्रक्षेपण असतं ना, तुमच्या मुंबईकरांसाठी? आमच्या पोरांनी त्याची जुनी सगळी चित्रणं काढली आणि त्या त्या दिवशीच्या पाण्याशी ताडून पाहिली. पंचवीस अंशांच्या वर हो, बाविसाच्या खाली नाही. मध्ये थोडा गोंधळ. इतका सरळ आलेख मी कॉलेजातसुद्धा काढला नव्हता."

ऋजुताने कप खाली ठेवला. "पुढे बोला."

"पुनवेला गाव सड्याचं विचारणार आहे."

सडा म्हणजे गावाच्या माथ्यावरचं कातळाचं पठार, गुरांच्या चराईचं. कंपनीला तिथे तलाव बांधायचा होता. दिवसा सौर विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. ग्रामसभेने हात वर केले होते. आई म्हणेल तसं, एवढाच ठराव केला होता.

"तुम्ही काहीच करायचं नाही," कोरगावकर म्हणाले. "सोंड चालू आहे तशी चालू द्यायची. मासे वर येणार, गाव हो म्हणणार. आणि नव्या प्रकल्पाच्या अटींत सोंड कायमची. लेखी देतो."

"ही फसवणूक आहे."

"कुणाची? पाणी खोटं आहे की मासे खोटे आहेत? तुम्ही नदीला तिचंच पाणी परत देताय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

कोरगावकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. "सोंडेतून पाणी हळू येतं. संध्याकाळी सगळं शहर एकदम पंखे, एसी लावतं, तेव्हा मला सोंड बाजूला ठेवून तळाचं तोंड थेट उघडायला हवं. मी उघडलेलं नाही. रोज वरच्यांच्या शिव्या खातो. उकाड्याने माणसं मरताहेत मॅडम. माझी आई डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहते. सोंडेच्या बदल्यात मला वरच्यांपुढे काहीतरी ठेवायला हवं. सडा मिळाला तर संध्याकाळची वीज तिथून निघेल आणि तुमच्या नदीला कुणी हातही लावणार नाही. मासे जगवायचेत ना तुम्हाला?"

ऋजुता उठली. धरणाच्या भिंतीवरून चालत निघाली. सड्याचं तिला तितकंसं वाटलं नव्हतं, हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं. गावाने डोळे उघडे ठेवून सडा दिला असता तर तिने ब्रही काढला नसता. पण खोट्या कौलावर गावाला ठरवू द्यायचं नसेल तर तो खोटा आहे हे सांगावं लागणार होतं. गावाला सांगायचं म्हणजे आधी अण्णांना सांगायचं. आणि अण्णांना ते सांगायचं नाही, असं तिने फार पूर्वीच ठरवलं होतं.

ती घरी आली तेव्हा अण्णा ओसरीवर पुनवेची भांडी चिंचेने घासत बसले होते. गुणगुणत होते.

"आलीस व्हय बाय? पेज ठेवलीय, खा," ते म्हणाले. "आई निवली बघ यंदा. काय तोरा त्या माशांचा! मला तर वाटलं व्हतं, मी मरायच्या आदी काय तिचा राग जात न्हाय."

"अण्णा, समजा..." ऋजुता त्यांच्याशेजारी टेकली. "समजा, मासे आईच्या रागाने नाही, दुसऱ्याच कशाने तळाला बसत असतील तर?"

"कशानं?"

"पाण्याने."

अण्णा हसले. "पानी तरी कुनाचं? तिचंच की." त्यांनी ताट उजेडात धरून पाहिलं. "तुझी आई असती तर आज पुरन घातलं असतं तिनं. कौल लागला की सुलभा पुरन घालायची. लई हौस."

ऋजुताने पुढचं ताट ओढून घासायला घेतलं.

ती बारावीत होती तेव्हा आईच्या पोटात गाठ निघाली होती. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या, लवकर काढली तर बाई ठणठणीत होईल. अण्णा जन्मभर दुसऱ्यांचे कौल लावत आलेले. बायकोच्या वेळी कौल न लावता कसे जाणार? मंगळवारी त्यांनी पान सोडलं. मुंबईला नेऊ का? पान संथपणे डोहावरून गेलं, खडकापलीकडे गेलं. एकही मासा हलला नाही. अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आईला घरीच ठेवलं, झाडपाला केला, उशाशी बसून राहिले. पुढच्या शिमग्याला ती गेली.

त्या धक्क्यातून ते सावरले ते एकाच आधारावर. तो आधार त्यांनी आताही बोलून दाखवला, जसा ते दर वर्षी दाखवत.

"पन एक समाधान हाय. आईनं तवाच सांगितलं व्हतं, चिरफाड नको. उपेग व्हनार नव्हता. उगा परक्या खाटंवर, परक्या मानसांत जीव गेला असता तिचा. माझ्या मांडीवर गेली. आईनंच राखलं."

ऋजुता ताटाकडे बघत राहिली. संशोधन करताना धरणाच्या पाण्याच्या जुन्या नोंदी तिच्या हाती आल्या होत्या, आणि तो मंगळवार तिने शोधून काढला होता. खालच्या गावांच्या शेतीला पाण्याचं आवर्तन सोडलं होतं. तळाचं तोंड पूर्ण उघडं होतं. एवढंच झालं होतं त्या दिवशी. रुसली नव्हती कोंडजाई, रागावली नव्हती, काही सांगितलंही नव्हतं. कुणा ऑपरेटरने बटण दाबलं होतं आणि तो जेवायला गेला असेल.

तेव्हापासून तिने ते मनात दाबून ठेवलं होतं. सांगून काय मिळणार होतं? आई थोडीच परत येणार होती? अण्णांच्या आयुष्यात ते एकच समाधान होतं, ते काढून घेऊन त्या जागी ती काय ठेवणार होती?

पुनव जवळ आली तशी तिची झोप उडाली. सुटकेच्या सगळ्या वाटा तिने चाचपून पाहिल्या. एक वाट तर फारच सोपी होती. पुनवेच्या सकाळी सोंडेचं तोंड खाली न्यायचं, कोंडात गार पाणी सोडायचं, मासे तळाला बसवायचे. गाव नाही म्हणेल, कोरगावकरांचा डाव फसेल, कुणाला काही कळणार नाही. तिने फोन हातात घेतला, तोंड किती खाली न्यायचं तो आकडाही घातला. मग तिच्या लक्षात आलं, हेही तेच झालं. 'हो' त्यांनी वदवून घ्यायचं नाही, पण 'नाही' आपण वदवून घ्यायचं. शिवाय अंड्यांवर आलेल्या माद्यांना तो गारठा सोसला नसता. तिने आकडा पुसला. काही न करणं म्हणजे हो, काही करणं म्हणजे नाही. पाणी कसंही सोडलं तरी त्या दिवशी देवीच्या तोंडून बोलणार होती ती ऋजुता गुरवच. 

पुनवेच्या सकाळी अण्णा विहिरीवर आंघोळ करून सोवळं नेसून आले. ऋजुता पडवीत त्यांची वाटच बघत उभी होती.

"अण्णा, बसा. मला काहीतरी सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं. बादली, थर, धरणाचं तोंड, सोंड, कोरगावकर. अण्णा आधी हसत ऐकत होते, मग नुसते ऐकत होते. एकदा म्हणाले, "म्हंजी आज मासं येनार. कायबी इचारलं तरी." ती म्हणाली, "हो." पुढचं त्यांनी विचारलं नसतं तर तिने सांगितलं नसतं, असं तिला आत कुठेतरी वाटत होतं. पण अण्णांना गणित कळायला वेळ लागला नाही. त्यांचा हात हळूहळू जानव्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"आन सुलभेच्या टायमाला?"

ऋजुताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तळाचं तोंड उघडं होतं अण्णा. मी बघितलंय."

"पानी गार व्हतं म्हनून?"

"हो."

"येवडंच?"

"एवढंच."

अण्णा बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे बघत बसले. ते ओरडले असते, रडले असते, तिला चार शब्द बोलले असते तर तिला सोसलं असतं.  ते उठले, आत गेले, भात वेळला, मुटका वळला, पळसाचं पान धुतलं. दाराशी येऊन म्हणाले, "चल. गाव खोळंबलं आसंल."

गाव खरोखरच लोटलं होतं. मुंबईचे चाकरमानी आले होते, देवळाच्या कळसाला कॅमेरा लावला होता. गावचे मानकरी, गावकर बाळाराम शेडगे नवं धोतर नेसून पहिल्या पायरीवर उभे होते. प्रश्न त्यांनी अण्णांकडून दोनदा घोकून घेतला होता: सडा कंपनीला द्यायचा का? ऋजुता मागे देवळाच्या भिंतीला टेकून उभी राहिली.  अण्णा गावाला सांगतील? की काही न सांगता सड्याचं विचारतील आणि सगळं आईवर सोडून मोकळे होतील? तिला त्यांच्या पाठीवरून काहीच कळेना.

अण्णा पाण्यात उतरले. गाऱ्हाणं सुरू झालं.

"आई कोंडजाई! पानदऱ्याचा समदा गाव तुझ्या पायाशी आलाय."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"धाकट्या-थोरल्याची चूक पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"आज एक सवाल घालतोय, त्याचा खरा कौल दे."

"व्हय म्हाराजा!"

अण्णांनी पान पाण्याला लावलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला, गाऱ्हाण्याचा सूर गेला आणि माणूस घरात बोलतो तसा झाला.

"आई, माजी सुलभा आजारी व्हती तवा म्या तुला इचारलं व्हतं, मुंबैला नेऊ का म्हनून. तवा तू न्हाय म्हनालीच नव्हतीस. खरं हाय का? खरं आसंल तर वर ये."

त्यांनी पान सोडलं.

कुणाला काही कळायच्या आत पाणी फुटलं. डोहातले होते नव्हते तेवढे मासे वर आले. पान उलटलं, भात क्षणात गेला, शेपट्यांचे फटकारे अण्णांच्या सोवळ्यावर उडाले. ते तसेच उभे राहिले, रिकामे हात पुढे धरून. ऋजुताने तोंडावर ओढणी दाबली.

"आरं दत्ताराम," शेडगे भानावर आले, "ह्यो काय सवाल झाला? सड्याचं इचार!"

"गावाचा सवाल येकच आसतो. यंदाचा झाला."

"डोकं फिरलं का तुझं?"

"आन दुसरा इचारलास तरी त्ये व्हयच म्हनतील." अण्णा वळले. चेहरा ओला होता. पाण्याने की कशाने, ते सांगता आलं नसतं. "आज कायबी इचार बाळाराम. तुझी गाय बोलती का म्हनून इचार, तरी व्हय म्हनतील. पानी ऊन हाय म्हनून मासं येत्यात. गार आसलं की न्हाय येत. धरनाचं तोंड उगडलं की न्हाय, मिटलं की व्हय. मला आज सकाळी कळलं. मी गुरव, म्हनून मी सांगतो. यापुढं मी पान सोडनार न्हाय."

 शेडगे हळूहळू पायरीवर बसले.

"म्हंजी येवडी वर्सं," ते म्हणाले, "आमी धरनाला इचारत व्हतो?"

मग एकच कालवा झाला. प्रत्येकाला आपापला कौल आठवला. कुणी जमीन विकली नव्हती, कुणी विकली होती, कुणी गाव सोडून गेलेला भाऊ परत बोलावला नव्हता. त्या गलक्यातून शेडग्यांची म्हातारी वाट काढत ऋजुतापाशी आली.

"माज्या लेकाचं ठरलेलं लगीन म्या मोडलं ह्या कौलावर. अजून येकटा हाय त्यो." ती ऋजुताचा दंड धरून हलवत होती. "तुला ठावं व्हतं गं? ठावं व्हतं, आन तू गप बसलीस?"

 म्हातारीने तिचा दंड सोडला आणि पदराने स्वतःचा हात पुसला. ते ऋजुताच्या जन्मभर लक्षात राहणार होतं.

पण गावाचा राग एकटीवर किती वेळ टिकणार? तो खरा कुठे जायला हवा ते सगळ्यांना दिसत होतं. गळ्यात ढोल तसेच अडकवून माणसं धरणाच्या रस्त्याला लागली. शेडगे पुढे होते. सोंड काढायची नाही, आणि सड्याचं नाव काढायचं नाही, असं काहीतरी ते मोठमोठ्याने बोलत होते.

कोरगावकरांचा फोन आला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. त्यांनी सगळं पडद्यावर पाहिलं होतं.

"काय केलंत हे मॅडम?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सडा गेला. आता वरच्यांपुढे ठेवायला माझ्याकडे काही नाही. आदेश आलाय. संध्याकाळच्या मागणीला तळाचं तोंड उघडतोय."

"सर, अंडी पिकत आलीत. थोडेच आठवडे द्या. हा गारठा बसला तर सगळी जिरतील. या माद्या म्हाताऱ्या आहेत, पुन्हा धरतील की नाही सांगता येत नाही."

"फाटकावर तुमचं गाव बसलंय, खाली शहर बसलंय. मी कुणाकुणाचं ऐकू?" ते थांबले. "मी थोपवलं होतं, एवढं लक्षात ठेवा."

तिने घाईघाईने फोनवर सोंडेचं पान उघडलं. तिचा प्रवेश बंद केलेला होता.

देवळापाशी आता फक्त अण्णा होते. शेवटच्या पायरीवर, पोटऱ्यांपर्यंत पाय पाण्यात सोडून बसले होते. ऋजुता त्यांच्याशेजारी जाऊन बसली, तिनेही पाय सोडले. पाणी उबदार होतं. समोर एक मोठी मादी, पोटाने जड झालेली, उथळात संथ फिरत होती. दुरून, धरणाच्या बाजूने, ढोल ऐकू येत होते.

"मला आधी सांगायचं व्हतंस," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला सोसलं नसतं."

"न्हायच सोसत." ते उथळातल्या मादीकडे बघत होते. "पन तुला येकटीला सोसाया लागलं."

ऋजुताने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. किती वर्षांनी टेकलं होतं, कोण जाणे.

गार पाणी आलं ते आधी घोट्यांना कळलं. बारीक धार यावी तसं, मग सगळीकडून. उथळातली मादी थबकली, कल्ले दोन-तीनदा जोरात हलले आणि ती वळून खाली गेली, दिसेनाशी झाली. पाण्याला गाळाचा कुबट वास यायला लागला. ऋजुताच्या पायांना कळा यायला लागल्या, तिने ते वर ओढून घेतले.

"अण्णा, पाय काढा. बधिर होतील."

अण्णांनी खाली वाकून पाण्यात हात घातला.

"त्या मंगळवारी आसंच व्हतं?"

"असंच होतं."

त्यांनी मान हलवली आणि पाय तसेच पाण्यात ठेवले.